पाच टोले देणारं घड्याळ

ते १९७१ साल. टेलिफोन ऑफिसात तेव्हा फोनवर वेळ सांगायलाही माणसं बसत. दोघी बहिणींतली थोरली त्या वेळेच्या टेबलावर होती, आणि तिच्या आवाजाची ख्याती अशी, की मुख्यबाई नव्या मुलींना म्हणायच्या, "हिच्याजवळ बसा जरा. एवढी साखर आणते कुठून ते बघा."

ती साखर ऑफिसातच संपायची. घरी आली की चपला एकीकडे, पर्स दुसरीकडे. आईने "दमलीस का गं?" विचारलं, तर उत्तर, "दिसत नाही का?"

"ताई, आमच्याशीही बोल की कधी तसं गोड," धाकटी एकदा म्हणाली.

"तो पगाराचा आवाज. घरच्यांशी कसलं नाटक? इथे मी खरी असते."

याचा तिला अभिमानच होता. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; घरीही ते काम घेऊन बसत. डोळ्याला भिंग लावून ते ऐकत होते.

त्याच वर्षी रोज चारनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन येऊ लागला. "बाई, किती वाजले, सांगता का आपण?" वेळ ऐकली की, "फार उपकार झाले." शेजारच्या मुली चिडवायच्या, "घे, आला तुझा चारवाला! घरी एकटाच असतो का, विचारून तरी ठेव!" थोरलीला त्यांची सवय झाली. एकदा ते खोकले, तर ती म्हणाली, "गळ्याला काही गुंडाळत चला. जपा हं स्वतःला." त्याच आठवड्यात घरी बाबा खोकत होते, आणि ती म्हणाली होती, "मफलर काय शोभेला आणलाय?"

एके दिवशी फोन जरा लवकर आला. ते बोलत असतानाच मागे चाराचे टोले पडू लागले, एका घड्याळाचे नव्हे, वीसेक घड्याळांचे. सगळी थांबल्यावर एक घोगरं घड्याळ सावकाश वाजलं. पाच टोले. ते घड्याळ ती लहानपणापासून ऐकत आली होती. दुरुस्त का करत नाही म्हटलं, की बाबा म्हणायचे, "त्याचा स्वभावच आहे तो. राहू दे."

तिच्या नोकरीमुळेच दुकानात फोन आला होता. पण 'आपण' म्हणणारा आवाज बापाचा असेल, हे कुणाच्या मनात येणार?

"बाबा?" साखर क्षणात उडाली. "भिंतभर घड्याळं टांगलीत आणि वेळ मला विचारता? इथे माणसं ताटकळताहेत! काय पोरखेळ मांडलाय?"



"चुकलं, बाई," ते म्हणाले. तेव्हाही बाईच.

चारवाल्याचा फोन पुन्हा आला नाही. घरीही कुणी विषय काढला नाही. थोरलीला त्या रात्री मात्र टोचत राहिलं. सकाळी चहा देताना तिने जमेल तेवढ्या मऊपणाने विचारलं, "बाबा, झोप लागली का आपल्याला?"

बाबांनी कप खाली ठेवला. "काय गं? ऑफिसात काही बिनसलं का?"

धाकटी फिसकन हसली.

"काही नाही. चहा निवतोय," थोरली म्हणाली, आणि पुन्हा खरी झाली.

तीन वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "किती वाजले?" तो आवाज तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण धाकटी खोलीत होती. लाज वाटली. "साडेसहा. आत्ताच तर सांगितलं."

"फार उपकार झाले," म्हणून ते भिंतीकडे वळले.

त्याच आठवड्यात ते गेले. आई पुढे धाकटीकडे राहिली आणि सुखाने गेली. मुख्यबाई निवृत्त होऊन भावाच्या गावी गेल्या. वेळेच्या टेबलावर यंत्र बसलं. त्यात आवाज थोरलीचाच भरला होता. धाकटीची मुलं तो नंबर फिरवून "मावशी, मावशी" करत हसायची. पुढे तेही यंत्र काढून टाकलं.

थोरलीने लग्न केलं नाही. घोगरं घड्याळ तिच्याकडे आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे, आजी."

"राहू दे," ती म्हणते. चाराला पाच टोले पडले, की खोलीत कुणी नाही ना पाहून ती हळूच वेळ सांगते. अगदी त्या आवाजात.