अनवाणी दंगा

कृष्णातच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं वर्धमान मगदूम स्वतःला सांगत आले होते. खरं तर ते राहून गेलं नव्हतं, त्यांनी टाळलं होतं. पत्र आलं महापुराच्या वर्षी. शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात पाणी शिरलेलं आणि मगदूम अण्णा तिथल्या ग्रंथपालपदावरून निवृत्त असूनही गच्चीवर पुस्तकं वाळवत बसलेले. तेव्हा सवड नव्हती हे कारण चाललं. पूर ओसरला, पुस्तकं वाळली, पुढची वर्षंही गेली, आणि कारण काही उरलं नाही.

पत्रात कृष्णातनं एकच विचारलं होतं. ‘अण्णा, आमी करत होतो ते गाणं होतं, का नुसता दंगा? तुमी वाचलेला माणूस. तुमी सांगाल ते मी मानीन.’

त्या ‘मानीन’नंच घोटाळा केला. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलेला हा माणूस. कुणी स्वतःचं मत विचारलं की त्याला घाम फुटायचा. एक मसुदा लिहिला, तो फार पंडिती वाटला. दुसरा लिहिला, त्यात खुशामत दिसली. तिसऱ्यात मायन्यापुढे गाडी गेली नाही. आपल्याला संगीतातलं कळतं काय, आणि आपण सांगणार कोण?

वीसेक वर्षांपूर्वी कृष्णात आणि त्याची पोरं वाचनालयात पहिल्यांदा आली तीसुद्धा असाच घाम फोडत. चौघं कॉलेजातले, बँडचं नाव ‘ठसका’. गाणारा कृष्णात चंदगडचा, ढोल-झांजा बडवणारा सम्मेद शिरोळचा. त्यांना रविवारी दुपारी वाचनालयाचा हॉल हवा होता. गावात कुणी दारात उभं करत नव्हतं.

“हार्डकोर पंक म्हंजे काय रे?” अण्णांनी दबकत विचारलं.

“रॉकपेक्षा फास्ट, अण्णा,” सम्मेद म्हणाला. “इतकं फास्ट की खोटं बोलायला टाइमच मिळत न्हाई.”

“आणि ते... पिणं वगैरे?”

“आमी च्यासुद्धा पीत न्हाई. अमेरिकेत अशी बँडवाली पोरं हायत, दारू न्हाई, बिडी न्हाई. माझी आई म्हणती, मग ती जैनच असणार.”

नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून अण्णा हो म्हणाले. आणि एकदा हो म्हटल्यावर, कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम, या हिशेबानं तयारीला लागले. सतरंज्या अंथरल्या. समई घासून घेतली. पाण्याचा तांब्या, शाल, नारळ, दोन पानी प्रास्ताविक. नियमाप्रमाणे चपला दाराबाहेर. काळ्या टीशर्टातली पन्नासेक पोरं मांडी घालून गुपचूप बसली, जणू व्याख्यानमालाच. कुणीही हसलं नाही, हे अण्णा अजून विसरलेले नव्हते. कृष्णातनं समई लावली, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “अण्णा, आता जरा भिंतीला लागून उभं ऱ्हावा.”

मग सम्मेदनं चार ठोके दिले आणि गणपती मंडळाकडनं मागून आणलेले ते स्पीकर फुटलेच म्हणायचे. पहिलं गाणं संपलं तेव्हा अण्णांचं कानांवर हात न्यायचं अजून व्हायचं होतं. मिनिटाच्या आत कारभार आटोपलेला. दुसऱ्या गाण्याला सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात गेल्या. सगळी पोरं अनवाणी, एकमेकांच्या अंगावर आदळत गोल फिरायला लागली. अण्णांना वाटलं, मारामारी झाली. तेवढ्यात एक जण पडला, आणि त्याच्यावर पाय पडायच्या आधी चार हातांनी त्याला उचललं, उभं केलं, पाठ थोपटली, परत गोलात सोडलं. तसं कुणी पडलं की आधी उचलायचं, मग नाचायचं. हे कुणी कुणाला शिकवलं होतं? सभा-संमेलनं खूप पाहिलेल्या अण्णांना पडलेल्याला उचलणारी सभा पहिल्यांदाच दिसत होती.

आणि कृष्णात! वर्गात त्याच्या चंदगडी बोलीची पोरं नक्कल करायची, म्हणून तो गप्प बसायचा. इथं तो त्याच बोलीत, मानेच्या शिरा ताणून, एसटी न आल्यानं पावसात बुडालेल्या परीक्षेचं गाणं ओरडत होता. ‘येष्टी न्हाय! रस्ता न्हाय!’ आणि नक्कल करणारीच पोरं त्याच्या माइकवर तोंड घालून त्याच्याबरोबर ओरडत होती. व्यासपीठच नव्हतं, त्यामुळे गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे थोड्या वेळानं कळेनासं झालं.

दोन वर्षं असे रविवार झाले. पोरं स्वतःची मासिकं झेरॉक्स काढून, घड्या घालून वाटायची; अण्णा मुद्रणदोष तपासून द्यायचे. विश्वस्त कुरकुरले, शेजारी कुरकुरले, पण हॉल प्रत्येक वेळी झाडून परत मिळाला. मग नोकऱ्या, शेती, लग्नं. ठसका संपला.

गेल्या आठवड्यात सम्मेद घरी आला. आता ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, पोट सुटलंय.

“अण्णा, रागावणार न्हाईसा तर एक बोलू?”

“बोल की.”

“कृष्णातच्या पोरीनं, स्नेहलनं गिटार घेतलीया. मैत्रिणींचा बँड काढायचाय म्हणती, आपल्यासारखाच, फास्ट. आन् हा गडी म्हणतोय, गिटार दुकानात परत कर. काजूच्या कारखान्यात बसून पोरीला सांगतोय, आमी दोन वर्षं माती खाल्ली, तू खाऊ नको.”

“माती? कृष्णात म्हणाला असं?”

“मी भांडलो त्याच्यासंगं. तर म्हणतो, अण्णांना इचारलं हुतं. त्यांनी उत्तर दिलं न्हाई. भला माणूस, तोंडावर वाईट कसं बोलंल? गप बसला, म्हंजे काय ते समजायचं.”

आपलं मत नसणं हे निरुपद्रवी आहे, असं अण्णा आयुष्यभर समजत आले होते.

“फोन लावतो, बोला,” सम्मेद म्हणाला.

“नको रे. फोनवर मला सुचत नाही. पत्र लिहितो.”

“पत्र! ते पोचंपर्यंत पोरीचं लगीन हुईल, अण्णा!”

“गिटार परत करू नको म्हणावं तोवर.”

“सांगतो. पर लिवा. न्हाईतर मीच तुमच्या सहीनं लिवीन, आन् माझं शुद्धलेखन तुमाला म्हाईत हाय.”

सम्मेद गेल्यावर अण्णा कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य खोडलं. दुसरं खोडायला पेन टेकवलं, आणि तसंच ठेवलं.

‘प्रिय कृष्णात,

तो दंगाच होता. मी ऐकलेला सर्वांत प्रामाणिक दंगा. तो गाणं होता का, हे ठरवायची माझी लायकी नाही. पण आयुष्यात मी ज्या सभांना गेलो त्यातली एवढीच सभा मला पुन्हा हवीशी वाटते.

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. शेवटच्या रविवारी तू माइक माझ्यापुढे धरलास. तुला वाटलं, मी मान हलवली. मी ओरडलो होतो. “न्हाय” म्हणून ओरडलो. त्या गलक्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. घरी कधी आवाज चढवला नाही, कामावर नाही. तेवढं एकदाच. रात्री घसा दुखत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही ते माझ्या भित्रेपणामुळे, तुमच्या गाण्यामुळे नव्हे. त्याची शिक्षा स्नेहलला देऊ नकोस. तिला वाजवू दे. हॉलची किल्ली आता माझ्याकडे नसते. नव्या ग्रंथपालांशी मी अजून धड बोललेलो नाही, पण तिच्यासाठी विचारीन.

तुझा,
वर्धमान मगदूम’

परत वाचलं तर धाडला जाणार नाही हे ओळखून त्यांनी कागद लगेच पाकिटात घातला, डिंक लावला आणि पायांत चपला अडकवून टपालपेटी गाठली. ‘सर्वांत प्रामाणिक’ हे जरा जास्त झालं, ‘अत्यंत’ बरं दिसलं असतं, असं त्यांना वाटलं. पण तोवर पाकीट बोटांतून सुटून आत पडलं होतं.