अर्धा टाकवलेला दगड

सकाळपासून गावातल्या तिघीजणी माझ्या डोक्यावर बसल्या होत्या. सतरा दिवस गिरणी बंद, दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायचं, आणि तिथला मेला पीठ जाड काढतो. मला गिरणी झेपत नसेल तर तिथे म्हशी बांधाव्यात, असंही एकीनं सुचवलं. मी ऐकून घेतलं. खरं कारण त्यांनाही ठाऊक होतं, फक्त ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

दळून दळून गिरणीचा दगड गुळगुळीत होतो. मग त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करावा लागतो. आमच्या टाकीवाल्यानं दगड उतरवला, अर्धा ठोकला, पाणी मागितलं आणि माझ्या पोत्यांना पाठ टेकली. मी पेला घेऊन आलो तोवर तो संपला होता.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वीस वर्षं त्याच्याबरोबर गावोगाव हिंडून त्यांचाही हात बसलेला. उरलेला अर्धा दगड त्यांनी दुपारभरात केला असता. पण त्या छिन्नीला हात लावत नव्हत्या. रोज यायच्या, दगडापाशी बसायच्या, नवऱ्याच्या टाकीच्या घावांवरून हात फिरवायच्या आणि जायच्या. दुसरा माणूस बोलवू का, असं मी एकदाच विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं, आणि माझी पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

तिघींचं चाललेलं असतानाच दाराशी जीप थांबली. आमच्या टेकडीवरच्या कातळात हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. त्यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक बाई टाकीवाल्याला शोधत आल्या होत्या. तो गेला, असं मी सांगितल्यावर त्या ओशाळून वळल्या. तेवढ्यात रोजच्यासारख्या येऊन बसलेल्या वहिनी दगडापासून उठल्या आणि तुमच्याबरोबर मी येते म्हणाल्या. मीही मागोमाग निघालो. तिघींच्या तावडीतून सुटायला निमित्त हवंच होतं.

कातळावर माणसाच्या उंचीएवढा बैल आहे. लहानपणी आम्ही त्याच्या पाठीवर झोपायचो, तो कुणी काढला हे कधी मनात आलं नाही. बाई सांगत होत्या, कुणी म्हणतं शिकार मिळावी म्हणून काढला, कुणी म्हणतं देव म्हणून. त्यांना स्वतःला यातलं काहीच पटलं नव्हतं. निदान तो केला कसा, हे जाणकाराकडून समजून घ्यायचं होतं.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि शिंगांपासून एकेक खड्डा बोटानं चाचपत निघाल्या. याला लोखंड लागलेलं नाही, म्हणाल्या, दगडानंच दगड ठेचलाय, खड्ड्याचा तळ गोल आहे. पाठीच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं.

"इथपर्यंत एक हात. इथून दुसरा."

बाईंना ते दिसेना. मग वहिनींनी त्यांचं बोट धरून फिरवलं. पुढचे घाव खोल, एका बाजूला कललेले. मागचे उथळ, भीत भीत घातलेले, रेघ दोनदा चुकलेली. मागच्या पायाशी येईतो मात्र हात सुधारला होता.

"पहिला का थांबला असेल?" बाईंनी विचारलं.

"ते दगडात नसतं."

"मग याचा अर्थ काय लावायचा?"

वहिनींनी बोट पुन्हा पाठीच्या मध्यावर ठेवलं. "अर्ध्या बैलाकडे कुणाला बघवलं नसेल."

बाई लिहून घेऊ लागल्या. वहिनी टेकडी उतरल्या त्या थेट गिरणीत, आणि छिन्नी उचलली. पहिले घाव उथळ पडले, मग आवाज एकसारखा यायला लागला. उन्हं कलली तेव्हा दगड पुरा झाला होता. मी आपला मूर्खासारखा बोललो, की इतकंच होतं तर सतरा दिवस कशाला घालवलेत.

"तो बैल तिथे राहील, भाऊजी. हा दगड फिरला की महिन्याभरात ह्यांची टाकी झिजून जाईल." त्यांनी पदरानं दगडावरची धूळ पुसली. "चालू करा."

आम्ही दोघांनी मिळून दगड चढवला, आणि मी बटण दाबलं. टाकी लावल्यावरच्या पहिल्या पिठात दगडाची कच असते, ते फेकून द्यावं लागतं. मी सूप भरून घेतलं आणि तसाच उभा राहिलो, मला ते टाकवेना. वहिनींनी माझ्या हातातून सूप घेतलं, बाहेर जाऊन कोंबड्यांपुढे रिकामं केलं आणि आत येऊन म्हणाल्या, आता चांगलं दळण घाला.