हँडलवरचा दंडवत

शनिवारी संध्याकाळी हे भजनाला निघण्याआधी वाटीभर कणीक भिजवून द्यायची, हे माझं लग्न झाल्यापासूनचं काम. पोळ्यांसाठी नव्हे, पखवाजासाठी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय त्याचा आवाज खाली उतरत नाही, नुसता पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाटतो. कणीक भिजवते मी, पण ती किती ओली हवी हे ठरवणार हे. वाटीत दोन बोटं घालायची, चिमूटभर मळून बघायची आणि दर वेळी काहीतरी खोड काढायची. "आज सैल केलंस." "आज काय भिंत लिंपायची आहे?" मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. खोड काढली की समजायचं, स्वारी खुशीत आहे.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी यांनी वाटी घेतली, बोटं घातली आणि नुसते उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तूच बघ गो. बरोबर आहे ना?"

"मी काय बघू? इतकी वर्षं तुम्हीच तर बघताय."

"बघ म्हटलं ना." आणि वाटी माझ्या हातात देऊन हे सदरा घालायला आत गेले. तिथेही वरचं बटण लागेना म्हणून मलाच हाक मारली.

आमची वसाहत दिंडोशीची. आवारातच गणपतीचं देऊळ आहे आणि तिथे शनिवारी कोकणातल्या आम्हा मंडळींचं भजन होतं. गाणारे रामचंद्रबुवा, पखवाजावर हे. लवू सावंत म्हटलं की लोकांना माणसाआधी पखवाज आठवतो. त्या संध्याकाळी मी बायकांच्या रांगेत बसले होते. पहिल्याच अभंगाला बुवांनी गाता गाता मान वळवून यांच्याकडे पाहिलं. मला तालातलं फारसं कळत नाही, पण रोज ऐकलेला आवाज वेगळा पडला की कळतं. बोल पुसट येत होते, ओल्या फडक्यावर थाप मारल्यासारखे. दुसऱ्या अभंगानंतर यांनी पखवाज सुशांतकडे सरकवला. सुशांत यांचाच शिष्य.

"पाय भरून आलाय रे, तू वाजव," हे म्हणाले.

घरी आल्यावर मी पाय चेपायला तेल घेऊन बसले. यांनी पाय मागे घेतला.

"पायाला काही नाही," हे हळूच म्हणाले. दिशा, आमची मुलगी, आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. "करंगळी नि शेजारचं बोट. दोन्ही हातांचं. उजव्याचं जास्त. माझी बोटं नाहीत असं वाटतं. आधी मुंग्या यायच्या, आता काही कळतच नाही."

"कधीपासून?"

"झाला महिना. तू दिशाला काही बोलू नकोस."

यांना काय वाटतंय ते मला न सांगता कळलं. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. हातातून तांब्या पडला, सगळे हसले, आणि आठवड्याच्या आत उजव्या अंगावरून वारं गेलं. तेही पखवाज वाजवायचे. त्यानंतर पखवाज घरात होता, पण त्यांनी त्याला पुन्हा हात लावला नाही. भजनाला जायचे ते नुसते ऐकायला, भिंतीला टेकून. हे आता त्याच भिंतीकडे बघत होते.

सोमवारी माझा उपवास. फराळाचं तसंच ठेवून मी यांना डॉक्टर नमिताकडे घेऊन गेले. तिने यांना हसायला लावलं, जीभ दाखवायला लावली, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले. मग तळहाताची कड, करंगळीच्या खालची, अंगठ्याने दाबली. यांच्या तोंडून "आई गं" निघालं.

"काका, अर्धांगवायूचं लक्षण नाही हे," ती म्हणाली. "इथून एक नस बोटांकडे जाते, ती चेपतेय. रोज हातावर भार टाकून काय करता?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सायकल," मी म्हटलं.

"मग ती काही दिवस बंद. आणि नंतर एकतर नीट करून घ्या, नाहीतर सोडा. चेपणं थांबलं तर बोटं परत येतात. किती दिवसांत ते नाही सांगता येत. पण चेपतच राहिलात तर मग मला विचारू नका."

बाहेर आल्यावर मी मनातल्या मनात हात जोडले. वारं नव्हतं. पण यांचा चेहरा काही उजळला नाही.

सायकल दिशाने दसऱ्याला घेतली होती, बॅटरीवर चालणारी. हे मरोळला एका खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. बसने फिरून जायला फार वेळ जायचा, आरे कॉलनीतल्या रस्त्याने सायकलवर जवळ पडतं, आणि मोटर असल्याने गुडघ्यांना त्रास नाही. पोरीने स्वतःच्या पगारातून बाबांसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू. झेंडूचा हार घातला, हँडलला नारळ ओवाळला. बॅटरी काढून वर आणायची आणि चार्जिंगला लावायची, तर मोकळा प्लग फक्त देव्हाऱ्याजवळ. मी सुरुवातीला कुरकुरले. मग निरांजनाशेजारी तिचा तो बारीक लाल दिवा बघायची सवय झाली.

"आता तिला काय सांगू?" हे वाटेत म्हणाले. "तू आणलेल्या सायकलने हात गेले म्हणून?"

"हात गेले नाहीत. डॉक्टर काय म्हणाली?"

"ती म्हणतली. पखवाज तिका वाजवूचो नाय." रागावले की यांच्या तोंडी मालवणी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा सायकलच घेऊन निघाले. दिशा रोज गॅलरीतून टाटा करते, तिच्यासमोर बसला कसे जाणार.

माझा एक नेम आहे. सकाळी अंघोळ करून पाटावर बसते आणि जपाची माळ पूर्ण होईपर्यंत बोलत नाही. दारावर दूधवाला आला तरी नाही. माझा पाट गॅलरीच्या दाराशी असतो, तिथून खालचं आवार दिसतं. एरवी मी बघत नाही, डोळे मिटलेले असतात. त्या दिवशी उघडले.

हे सायकलवर बसून फाटकाकडे चालले होते, आणि मला बाजूने पूर्ण दिसले. पाठ वाकलेली, कोपर ताठ, मान पुढे, सगळं अंग दोन तळहातांवर टेकलेलं. देवापुढे दंडवत घालताना आपण जमिनीवर हात टेकतो ना, तसे. हा माणूस सायकल चालवत नव्हता, हँडलवर दंडवत घालत मरोळपर्यंत जात होता.

मग माझं लक्ष सीटवर गेलं. आरेतल्या गतिरोधकांवर सीट टोचते म्हणून यांनी दिवाळीत बाजारातून एक जाडजूड मऊ कव्हर आणून चढवलं होतं. तरी टोचते म्हणून सीटचं नाक खाली वाकवलं होतं. ते मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ आता कळला. माझ्या पाटाचा पुढचा पाय मागे एकदा झिजला होता. पाट जरासा पुढे कलायचा आणि मी जपाला बसले की सारखी घसरून हात जमिनीला टेकायचे. मनगटं दुखायला लागली तेव्हा पाटाखाली कागदाची घडी घातली, दुखणं गेलं. यांच्या सीटचं तेच झालं होतं. कव्हराने सीट उंच केली, नाक खाली केल्याने माणूस पुढे घसरतोय, आणि ते घसरणं रोज हातांनी अडवून धरायचं.

हाक अगदी ओठांवर आली होती. पण माळ अर्ध्यात होती. हे फाटकाबाहेर वळले.

उरलेली माळ मी कशी ओढली ते देवालाच ठाऊक. पूर्ण झाली तशी त्याचं नाव घेतलं, आणि पाठोपाठ दिशाला म्हटलं, "बाबांची बोटं बधिर झालीत. सायकलने. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

दिशा टोस्ट खात होती. तो तसाच खाली ठेवला. "म्हणून शनिवारी सुशांतदादाने वाजवलं?"

"हो."

"आणि मला का नाही सांगायचं?"

"तू आणलीस ना सायकल."

"आई, यार." ती कपाळाला हात लावून बसली. "सायकल म्हणजे काय लग्नातला शालू आहे, अल्टर केला की मला वाईट वाटेल? तिचं सगळं सुटं मिळतं. हँडल, सीट, ग्रिप. लोक घेतल्या घेतल्या बदलून टाकतात. बाबांना संध्याकाळी येऊ दे."

संध्याकाळी यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेवढ्यात मला समजलं की मी शब्द मोडल्याचं लक्षात आलंय. पण दिशाने बोलू दिलं नाही. "उद्यापासून बस, रविवारी दुकान," एवढंच म्हणाली, आणि सायकलची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

दुकान गोरेगावला, निलेश नावाच्या मुलाचं. मूळचा देवगडचा निघाला, त्यामुळे यांचा निम्मा राग दारातच उतरला. त्याने सायकल भिंतीला टेकवून यांना वर बसवलं. मी त्याला पाटाची गोष्ट सांगितली.

"काकी, एकदम करेक्ट," तो म्हणाला. "तुम्ही संध्याकाळी दुकानात बसा, मी जपाला बसतो."

आधी ते जाड कव्हर काढलं. आतली सीट अरुंद होती, तिच्या जागी एक रुंद, मधे खाच असलेली सीट बसवली आणि तिच्यावर गवंडी वापरतात ती पाण्याच्या बुडबुड्याची नळी ठेवून सपाट केली. सीटखालचा दांडा काढून स्प्रिंगवाला दांडा घातला, म्हणजे गतिरोधकाचा दणका पाठीला बसायचा नाही. मग हँडलच्या खाली एक उंचीचा तुकडा जोडला. हँडल वर आलं आणि जवळही आलं. शेवटी जुन्या गोल मुठी काढून, मागे पंख्यासारखा चपटा टेकू असलेल्या रबरी मुठी घातल्या, तळहात आख्खा टेकेल अशा.

"आरसा टाकू, काका? हॉर्न? मोबाइलचा स्टँड?"

"गणपतीची मूर्ती बसवतोस काय पुढे?" हे म्हणाले. महिन्याभरात यांनी केलेली पहिली थट्टा.

हे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. पाठ सरळ, कोपर सैल, मान वर.

"बाबा, पालखीत बसल्यासारखे दिसताय," दिशा म्हणाली.

"छातीला वारा लागतो," हे म्हणाले. पण उतरले नाहीत, आणखी एक फेरी मारून आले.

सगळं पहिल्या दिवशी जमलं असं नाही. हँडल जरा जास्तच वर झालं होतं, खांदे दुखायला लागले, म्हणून पुन्हा जाऊन थोडं उतरवलं. स्प्रिंगचा दांडा मांजराच्या पिल्लासारखा कुंईं करायचा. कारखान्यात लोक विचारायला लागले, सावंत, टोपलीत काय आणलंय. त्याला तेल घातलं. पण सायकल घेतल्यापासून पाठही दुखायची ती थांबली, हे मरोळहून दमून यायचे तेही थांबलं.

बोटं मात्र तशीच होती.

मी गणपतीला रोज दुर्वा वाहायचा नेम धरला. यांना सांगितलं नाही. हे जेवताना करंगळी ताटाच्या कडेला टेकवून बघायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की भाताकडे वळायचे. शनिवारी भजनाला जायचे, पण पखवाज सुशांतकडेच. दोन वेळा हे भिंतीला टेकून बसलेले दिसले. तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

देवळाचा मोठा दिवस माघातल्या गणेशजयंतीचा. त्या आधीच्या आठवड्यात बुवा घरी आले. चहा घेतला, हवापाणी झालं, आणि कप खाली ठेवत म्हणाले, "लवू, जयंतीला सुशांतला सांगू का?"

"सांगा," हे म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या दिवशी सकाळी मीच सांगतो बुवा. चालेल?"

बुवा माणूस जाणता. "चालेल," म्हणाले. "पोरगा तयारच असतो."

गणेशजयंतीच्या सकाळी मी अंघोळ करून पाटावर बसले. दुपारी भजन होतं. कणीक मी आधीच भिजवून वाटी झाकून ठेवली होती, वाजवणार कोण हे ठरलेलं नसलं तरी कणीक लागणारच. माळ सुरू केली. आत स्वयंपाकघरात वाटीवरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले नाहीत. मला फक्त चिमटीत कणीक मळताना येतो तो बारीक चिकट आवाज ऐकू येत होता. मग पावलं माझ्याकडे आली.

"प्रेमा," हे म्हणाले, "ही काय कणीक म्हणायची? कडेला कोरडी राहिलीय. कण लागतायत बोटांना."

मी डोळे उघडले. यांनी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट माझ्यासमोर धरलं होतं. दोन्ही बोटं पिठाने माखलेली.

"ह्या दोघांना लागतायत," हे म्हणाले. "मधेच जरा झोपल्यासारखी होतात. पण लागतायत."

माळ अजून निम्मी होती, त्यामुळे मला काही बोलता येईना. पूजेचा तांब्या शेजारीच होता, पाण्याने भरलेला. तो उचलून मी यांच्यापुढे धरला. यांनी त्यात बोटं बुडवली, वाटीत पाणी शिंपडलं, पुन्हा मळलं, पुन्हा खोड काढली, आणि मग वाटी घेऊन गॅलरीत जाऊन खाली देवळापाशी तयारीला लागलेल्या सुशांतला हाक मारली, पखवाज इकडे घेऊन ये म्हणून.