आधी जेवा, मग बोलू

शाहीदचा फोन येऊन चाळीस दिवस झाले होते. शेवटचा फोन जेमतेम दोन मिनिटांचा. "अम्मी, पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलाय. आमाला गेटाबाहेर सोडत नाय." मग लाइन तुटली ती तुटलीच. तेव्हापासून गुलशनच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अशात शाहीद ज्या देशात कामाला गेला होता, त्याच देशाच्या वकिलातीची माणसं पनवेलला तिच्या घरी येणार, असा निरोप आला. तिकडे कामगारांचे कसे हाल होतात ते इथल्या पेपरांत छापून येऊ लागलं होतं. तेव्हा आपण किती मायाळू आहोत हे इथल्या लोकांना पटवायला त्या सरकारने फिल्म काढायचं ठरवलं होतं. माया करण्यापेक्षा दाखवणं केव्हाही सोपं. कामगारांच्या यादीतून घरं निवडली, त्यात शाहीदचं निघालं. गुलशनला वाटलं, अल्लाने दारातच माणूस पाठवला.

"अम्मी, आल्या आल्या अर्ज दे," तिची लेक हादिया म्हणाली. शाहीदला शोधून घरी पाठवा, एवढंच त्या अर्जात होतं.

"पाव्हण्याला दारात गाऱ्हाणं सांगतात काय गो? आधी जेवू दे, हात धुऊ दे, मग बोलू."

सासूने घालून दिलेली ही रीत तिने तीस वर्षांत मोडली नव्हती. सकाळपासून खपून तिने सांदणं उकडली, नारळाचं दूध काढलं.

वकिलातीच्या बाई आल्या, कॅमेरेवाले आले, आणि दुभाषा म्हणून मुंबईच्या जाहिरात कंपनीतला सत्यजीत आला. बाईंनी मांडी घालून सांदण खाल्लं, मान डोलावली. कॅमेरा चालूच होता.

"काकी, मुलाबद्दल दोन गोड शब्द बोला ना," सत्यजीत म्हणाला. "तिकडे त्याला घरच्यासारखं वाटतं, असं काहीतरी."

गरजवंताला अक्कल नसते. आपण पाहुण्याचा मान राखला तर पाहुणाही आपला शब्द राखील, असं तिला वाटलं. ती हसून बोलली, "माजा पोरगा तिकडे सुखात हाय. त्या लोकांनी त्याला आपला मानलाय." हादिया उठून आत गेली.

सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर गुलशनने अर्ज पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पाहिला आणि तितक्याच अदबीने परत दिला.

"त्या सांस्कृतिक विभागात आहेत, काकी," सत्यजीत खाली बघत म्हणाला. "कामगारांचं खातं वेगळं आहे." जाताना खजुराचा डबा ठेवून गेले. तो कुणी उघडला नाही.

हादियाने तोच अर्ज आपल्या सरकारच्या कचेरीत दिला. महिन्याने तिथून बोलावणं आलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने दोघींना बसवलं, पाणी दिलं.

"आम्ही तिकडे पत्र पाठवलं होतं. उत्तरात त्यांनी हे पाठवलंय." त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर गुलशन हसत होती. माजा पोरगा तिकडे सुखात हाय. खाली परक्या लिपीत तिचं बोलणं उमटत होतं.

"ते खरं नाही, सर," हादिया म्हणाली.

"ठीक आहे. पण आईच असं सांगतेय म्हटल्यावर मी पुढे काय लिहू?" साहेबाने गुलशनकडे पाहिलं. "बाई, तुम्ही असं का बोललात?"

गुलशनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पाव्हणे जेवत होते, साहेब."