उंच झालेला उंबरठा

“सॉरी, एसाबा!” शेजारणीच्या डोक्यावरची माशांची परात कलताच आराबा उद्गारली.

“असू दे गं. मेले तरी उड्या मारायची खोड जात नाही मेल्यांची!” वाळूतले मासे वेचीत एसाबा म्हणाली.

सॉल्टपाँडच्या त्या किनाऱ्यालगतच्या गल्लीत कुणाला ठेच लागली, कुणाचे मडके फुटले, कुणाचा ज्वर उतरेना, की पाहणाऱ्याने ‘सॉरी’ म्हणावे, हा कुलाचाराइतका जुना रिवाज होता. दोष कुणाचा, हे विचारण्याची रीत नव्हती. आंबवलेले मक्याचे पीठ केळीच्या पानांत गुंडाळून आराबा केंके उकडी आणि हात चालत असता तिचे मन या शब्दाभोवती कुतूहलाने प्रदक्षिणा घाली. लंडनला राहून आलेले सांगत, तिथे धक्का लागला तरी सॉरी, ऐकू आले नाही तरी सॉरी, वाट हवी असली तरी सॉरी. इतका उदार शब्द तिच्या धाकट्या भावाला, फिफीलाच, तेवढा का सापडू नये?

आईला मातीत ठेवले तेव्हा फिफी लंडनहून आला नव्हता. त्याच दिवशी आराबाने शपथ घेतली होती : त्याच्या मुखातून तो शब्द निघाल्यावाचून त्याच्यासाठी माझ्या मुखातून एक अक्षर निघणार नाही.

आज तो येणार होता.

“आल्यावर काय करशील?” एसाबाने विचारले.

“त्याच्या तोंडाकडे बघत बसेन.”

“मग बस जन्मभर! दोघांची हट्टी हनुवटी आईवरच गेलीय.”

दुपार कलताना फिफी दारी उभा राहिला. केस पांढरे झालेले, हातात पिशवी. आराबाने मान वर केली, ओठ मिटलेलेच. त्याचे ओठ हलले, पण त्यांतून काही उमटले नाही. त्याने लगबगीने पाऊल उचलले, ते उंबरठ्याला अडखळले आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

“सॉरी! सॉरी रे!” आराबा अर्धी उठलीच होती. मग आपलाच शब्द तिच्या कानी आला आणि ती होती तशीच थबकली.

फिफी तिथेच बसून राहिला. “ताई, हा उंबरठा इतका उंच कधी झाला?”

“आईनं करून घेतला. भरतीचं पाणी घरात यायला लागलं होतं.”

त्याने उंबरठ्यावर तळहात ठेवला. तो हात तिथून हलेना.

त्याचा शब्द अद्याप यायचाच होता. आराबाने पातेल्यातून एक केंके काढला आणि हाताला चटके बसत असता त्याच्यासाठी त्यावरचे पान सोडवू लागली.