पात्याच्या खाली

थोरल्या जावेच्या पायाला भिंगरी होती. कुरणात तणाचं एक फूल दिसलं, की हातातला चहा तसाच ठेवून ती गवत कापायचं मशीन बाहेर काढायची. फूलच उडवलं तर बी धरणार कुठून, हे तिचं गणित. दर आठवड्याला कापणी व्हायची, तरी तण पावलापावलावर नवं उगवत होतं आणि गाई त्याला तोंड लावत नव्हत्या.

"जाऊबाई, जरा बूड टेका की!" धाकटी म्हणाली.

"बसायला वेळ कुणाला आहे? त्या शेजाऱ्याच्या रानातून बी उडून येतंय, मेल्याच्या!" शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडत थोरली मशीन ढकलत राहिली.

तेवढ्यात चाकात दगड अडकला. मशीन बंद करून ती गुडघ्यांवर बसली आणि तशीच थबकली. पात्याच्या खाली, जमिनीलगत, दोन बोटं उंचीची तणं आडवी पसरली होती. सगळी फुललेली. कित्येकांचं बी पिकून गळतही होतं. वरून कापून कापून तिनंच त्यांना खाली फुलायला शिकवलं होतं.

"नाकावर टिच्चून फुललीत की," धाकटी वाकून म्हणाली. "पातं खाली घ्यायचं का?"

"घे. मग मातीला चिकटून फुलतील."

थोरलीनं मशीन बाजूला लोटलं, भर उन्हात फतकल मारली आणि पहिलं तण मुळासकट उपटलं.

"हे बघ, टेकलं बूड," ती म्हणाली. "आता तूही टेक."