ढगाआडचं तळं

परीक्षा हे निमित्त इतकं सोवळं असतं की घरात त्याला कुणी हात लावत नाही. दादूला हे शाळेपासून ठाऊक होतं. परदेशात शिकायला आल्यावरही हे नाणं खणखणीत चालत होतं.

ऑक्टोबरात आई-अप्पा भेटायला यायचं म्हणत होते. नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजातल्या मित्रांनी डोंगरावर जायचा बेत ठरवला. दादूने फोन उचलला आणि आवाज शक्य तितका दमलेला करून सांगितलं, "अप्पा, तेव्हाच परीक्षा आलीय हो. तुम्ही मे महिन्यात या ना. निवांत फिरू."

अप्पा म्हणाले, "बरं. अभ्यास महत्त्वाचा."

पुढे पोराला त्रास नको म्हणून घरून साधा फोनही आला नाही. पोरगा डोंगरावर हुंदडून आला. फोटोत मात्र तो दर वेळी कुणाच्या तरी मागे दडला, कारण मित्र फोटो इंटरनेटवर टाकत आणि मामेबहिणीच्या नजरेतून काही सुटत नसे. मनाला थोडी टोचणी लागली होती, नाही असं नाही. पण मे महिना कुठे पळून चालला होता?

मे महिन्यात अप्पा विमानतळाच्या दारातून बाहेर आले ते काळा गॉगल लावून. आईने त्यांचा दंड धरला होता.

"काय अप्पा, हिरो झालात की."

अप्पा छान हसले, पण दादूकडे बघून नव्हे. ते शेजारच्या खांबाकडे बघून हसले.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चहा उकळत असताना आई हळू आवाजात म्हणाली, "काचबिंदू आहे. नस सुकत गेली. आता उजेड कळतो, तेवढंच."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच कळलं. ऑक्टोबरात बऱ्यापैकी दिसत होतं त्यांना. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं असेल ते आत्ताच बघून घ्या. हे म्हणाले, मला दुसरं काही नको, पोराची खोली आणि त्याचं कॉलेज तेवढं बघू दे. म्हणून घाई करत होतो रे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"परीक्षा होती ना तुझी. ह्यांनी शपथच घातली, त्याला कळता कामा नये म्हणून."

दादूने खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष?" त्याने उघडलेलं तोंड मिटलं. भ्याडपणाला निमित्त लागतंच, ते आईने आयतं हातात दिलं.

खोलीत अप्पा हाताने सगळं बघत होते. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, पुस्तकांची रांग. खिडकीची कडी त्यांनी दोनदा लावून काढली. मग पलंगावर बसत म्हणाले, "इथे जवळ मोठे डोंगर आहेत म्हणे. गेलास का कधी?"

"नाही. वेळच नाही मिळाला." जिभेला सवय लागली होती. शब्द बाहेर पडले आणि दादूला स्वतःची किळस आली.

"मग उद्याच जाऊ," अप्पा म्हणाले. "माझं सोड. इतक्या लांब येऊन तू नुसतं पुस्तकात डोकं घालून बसलास, हे काही बरं नाही. तू बघ, आणि मला सांग."

अप्पांचा उभा जन्म घाटात बस चालवण्यात गेला होता. डोंगराची बस चढाला लागली तसे ते खुलले. "ह्याने वळणाच्या अलीकडेच गिअर बदलायला हवा होता," असं शेजारच्या परक्या माणसाला त्यांनी मराठीतच सुनावलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. दादूला हसू येईना. वर पोचल्यावर तिकिटाच्या खिडकीतली बाई आपल्याला ओळखते की काय, या धास्तीने त्याने मान वर केली नाही.

शेवटच्या पायऱ्या चढून ते कठड्यापाशी आले, तर सगळीकडे ढग. डोंगर नाही, दरी नाही. आई चहा आणायला गेली. अप्पांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "हं, सांग. काय दिसतंय?"

काही दिसत नाही, असं या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? एकदा त्यांची वेळ आपणच घालवली. दादूने ऑक्टोबर आठवला आणि सुरुवात केली.

"खाली तळं आहे, अप्पा. हिरवट निळं. पलीकडच्या काठावर लाल छपराचं एकच घर आहे. धक्क्याला होडी बांधलीय."

"रस्ता कसा जातो?"

"तळ्याला वळसा घालून. मग एक अवघड वळण आहे, आणि पुढे बोगदा."

अप्पांचा चेहरा उजळला. "बघ, नाहीतर अभ्यासाच्या नादात हे राहूनच गेलं असतं तुझं."

चहाचे कप सांभाळत आई आली. "काय मेलं नशीब आपलं. एवढं चढून आलो आणि ढगाशिवाय काही दिसत नाही. मघापासून असंच आहे म्हणे."

अप्पा दरीकडेच तोंड करून उभे होते. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी हात पुढे केला, दादूने त्यात कप दिला. दोन घोट झाल्यावर त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कधी आला होतास?"

दादूला खोटं बोलता आलं असतं. पण तो म्हणाला, "ऑक्टोबरात."

"कोण आलं होतं?" आईने विचारलं.

"कुणी नाही गं," अप्पा म्हणाले. "आमचं आपलं चाललंय काहीतरी."

मग अप्पांनी विचारलं, "तेव्हा ऊन होतं?"

"होतं."

"म्हणजे नीट दिसलं असेल."

अप्पांनी चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं, असं दादूला वाटलं. रिकामा कप आईकडे देऊन ते वळले. पायऱ्या ओल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून अंदाज घेतला आणि तो दादूच्याच खांद्यावर ठेवला. माफ केलं म्हणून ठेवला, की उतरायचं होतं म्हणून, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.